सरांची ताडपत्री

मी नट होतो, हे आमच्या घरात कुणी मान्य करत नाही. बायकोचं म्हणणं, मेलेला माणूस कसला नट? बारा वर्षं दर नाटकात पहिल्या तासाभरात मरायचं आणि उरलेला दीड तास डोळे मिटून पडून राहायचं, एवढीच ज्याची कामगिरी, त्याला यावर उत्तरही देता येत नाही. मुलगी आणखी पुढची. मी बियाण्यांच्या दुकानातून येऊन दिवाणावर आडवा झालो की ती आईला सांगते, हळू बोल, बाबांची तालीम चालू आहे. तरी घरी पाहुणा आला, चहा झाला, की मी सरांचा विषय काढतोच. बायको कपबशा गोळा करून आत जाते, मुलगी मोबाइल घेऊन गच्चीवर जाते, पाहुणा मात्र अडकतो.

सर मूर्तिजापूरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. उंच, हडकुळे, पॅन्ट घोट्याच्या वर आणि गळ्यात शिट्टी. शिट्टी पीटीच्या मास्तरांनी घालायची असते, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. ती वाजवताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. विचारलं तर म्हणायचे, वाजवा नाई लागत, दिसली पाह्यजे. शनिवार-रविवार आला की हा माणूस सात जण आणि एक टेम्पो घेऊन अकोला-अमरावतीच्या आडगावांत नाटक करायला निघायचा. नाटक कुणाचं, तर शाळेच्या इंग्रजी पुस्तकात ज्याचं चित्र असतं त्याचं. पुढून टक्कल, कानांवर केस, गळ्याला झालर. चारशे वर्षांपूर्वीचा तो विलायती नाटककार. सर त्याचं नाव घेत नसत. 'बुढा' म्हणत. आपल्याकडे बापाला, आज्याला म्हणतात तसं. आणि त्याच्याविषयी बोलतही असे, की बुढा आत्ताच कारंज्याच्या एसटीनं पुढं गेलाय आणि जाताना दोन निरोप सांगून गेलाय.

मी त्यांच्या हाती कसा लागलो, ते ऐकण्यासारखं आहे. आमचा अंजनगाव सुर्जीला पानमळा. विड्याच्या पानांची करंडी घेऊन मी शकुंतलेनं मूर्तिजापूरला यायचो. ती छोटी गाडी तेव्हा चालू होती. म्हणजे सायकलवाला मागे पडणार नाही इतपत चालू होती. एकदा उतरताना पाय चुकला आणि मी करंडीसकट फलाटावर आडवा झालो. लोक पानं वेचायला धावले, मला उचलायला कुणी नाही. एक लांबडा माणूस तेवढा कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत उभा होता.

"असाच पडशीन का उद्या? शाळेत ये चार वाजता."

मला वाटलं, आपल्यात काहीतरी दिसलं यांना. दिसलंच होतं. नाटकाच्या मध्यावर भर रस्त्यात भोसकला जाणारा, नायकाचा दोस्त त्यांना मिळत नव्हता. आधीचा जो होता तो पडताना हात टेकवायचा.

नाटक होतं दोन घरांचं. एका गावातली दोन घरं, वरचं आणि खालचं, एकमेकांच्या सावलीला उभं न राहणारी. वरच्याची पोरगी, खालच्याचा पोरगा. गावातला मास्तर त्यांचं गुपचूप लग्न लावून देतो आणि सगळं निस्तरायला म्हणून एक चिठ्ठी पाठवतो, ती वेळेवर पोचत नाही. दोघंही मरतात. मग त्यांच्या प्रेतांवर दोन्ही बाप हात मिळवतात. हे सगळं सरांनी आपल्या बोलीत आणलं होतं, शाळेतल्या उरलेल्या पुरवण्यांवर लिहून, दोऱ्यानं बांधून. चिठ्ठी शकुंतलेनं पाठवलेली असायची. त्यामुळे ती का पोचली नाही, असा प्रश्न आमच्या प्रेक्षकांत कुणालाही पडला नाही.

एखादा संवाद लिहून झाला की सर तो घेऊन भाजीबाजारात जायचे. तिथं वांगी विकणारी एक काकू होती. सर वांगी निवडता निवडता तो संवाद सहज बोलल्यासारखा म्हणायचे. काकूनं ताजवा हातात धरून वर पाहिलं तर संवाद राहायचा. ती 'पाव किलो का अर्धा' म्हणाली तर सर तिथंच खिशातून पेन काढून तो खोडायचे. आमच्या नाटकातल्या प्रत्येक शब्दाला वांगेवालीनं पास केलं होतं आणि सरांच्या घरी रोज वांगी असायची.

नायिका बुढ्यानं लिहिली होती चौदाही न भरलेली. आमच्याकडे ते काम एका अंगणवाडीच्या ताई करायच्या, बेचाळिशीच्या. नायक अकोल्याच्या जुन्या शहरात लसूण विकायचा. प्रेमाच्या प्रवेशात ताई तोंड फिरवून बोलायच्या, ते लाजणं लोकांना फार आवडायचं. खरं कारण लसूण होतं. मुलीचा बाप आमचा टेम्पोवाला. मास्तर खुद्द सर.

आता सरांच्या अटी. नाटक दिवसाउजेडी, दुपारी चारला. आम्ही म्हणायचो, सर, लाइट लावून सात वाजता करू, थंड असतं, माणूसही जास्त येतं. तर म्हणायचे, अंधारात कोन कोनाच्या बाजूले बसला ते दिसत नाई. प्रेक्षकांत एकही खुर्ची नाही. सरपंच असो की सभापती, खाली बसायचं. आणि खाली अंथरलेली एकच मोठी ताडपत्री. कापसाच्या गंजीवर टाकतात तशा चार ताडपत्र्या जोडून त्यांनी ती शिवून घेतली होती. ती ते स्वतः अंथरायचे, चपला काढून, कोपरे ओढून, मधल्या सुरकुत्या पायानं काढत. मग एका कडेला उभे राहून वाट बघायचे. कशाची, ते गावाला पाच मिनिटांत कळायचं. पाराकडचे आणि विहाराकडचे, दोन्ही येऊन त्या एका ताडपत्रीवर बसल्याशिवाय नाटक सुरू होणार नाही.

सर विहाराकडचे होते. त्यांच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतलेली. बाप सालगडी, पोरगा इंग्रजीचा मास्तर. यावर ते कधी भाषण करत नसत. ताडपत्री अंथरायची आणि उभं राहायचं, एवढंच.

त्यामुळे आमची कंपनी ही नाटक करण्यापेक्षा नाटक न करता परत येण्याबद्दल जास्त प्रसिद्ध होती. एका बाजूचे येऊन बसत, दुसऱ्या बाजूचे लांब उभे राहून बघत. ऊन उतरत जाई. सूर्य मावळला की सर म्हणायचे, "घडी करा." ती ताडपत्री चौघांनी चार कोपरे धरून कशी दुमडायची, यात आम्ही इतके तरबेज झालो होतो की नाटकापेक्षा तेच लोक कौतुकानं बघायचे. बाजाराच्या दिवशी मात्र बऱ्याचदा जमून जायचं. बाजारात माणसं आधीच मिसळलेली असतात, पिशव्या जड असतात, बूड टेकायला जागा दिसली की टेकतात. सर बाजाराचे वार तोंडपाठ ठेवायचे.

आणखी एक अट आम्हा मेलेल्यांसाठी होती. मेलेला उठणार नाही. नाटक संपलं की नटमंडळी हात धरून नमस्कार करतात ना, ते सरांना फसवणूक वाटायचं. लोकांना दीड तास रडवायचं आणि मग हसत उभं राहायचं, ही काय तऱ्हा, म्हणायचे. शेवटचा माणूस घरी जाईपर्यंत मेलेल्यानं पडून राहायचं. मी तर मध्यावरच मरायचो. माझ्या अंगावरून पुढचं सगळं नाटक चालायचं. लग्नाची बोलणी, विष, चिठ्ठी, सगळं. मुंग्यांच्या किती जाती असतात हे मला तिथं कळलं.

यातून एकदा काय झालं, ते सांगतो. अकोटच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याचं एक गाव. बाजाराचा दिवस. ताडपत्री गच्च भरली, दोन्हीकडचे एकमेकांच्या मांडीला मांडी लावून. नाटक संपलं. आम्ही तिघं पडलेलो, मी, ताई आणि लसूणवाला. सर बाजूला उभे. आता लोकांनी उठून जायचं. लोक उठेनात. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मी एक डोळा किंचित उघडला, तर सगळं गाव तसंच बसलेलं, बाया पदर तोंडाला लावून. एक म्हातारी पुढं सरकून माझ्या उशाशी येऊन बसली आणि अंगावरच्या माश्या वारू लागली. मग माझ्या लक्षात आलं. उघड्यावर प्रेत टाकून घरी कोण जाणार? ते गेल्याशिवाय आम्ही उठणार नव्हतो आणि आम्ही उठल्याशिवाय ते जाणार नव्हते. सरांनाही काय करावं सुचेना, अट त्यांचीच.

शेवटी एक फेटेवाला उठला आणि म्हणाला, "आता किती वेळ ठेवता? उचला."

आणि उचललं की हो त्यांनी. चार-चार जण लागले. माझे खांदे कुणी धरले, पाय कुणी धरले, कोण पाराकडचा, कोण विहाराकडचा, कुणी विचारलं नाही. टेम्पोपर्यंत नेऊन आम्हाला हलक्या हातानं मागे ठेवलं. ताई जड, त्यांना सहा जण लागले. हे ताईंनी पुढे कित्येक वर्षं टेम्पोवाल्याला बोलू दिलं नाही. गाव मागे पडल्यावर आम्ही उठून बसलो तर सर पुढच्या सीटवर शिट्टी मुठीत धरून हमसून हमसून रडत होते. मी त्यांना आनंदात पाहिलं ते तेवढं एकदाच.

"पायलं ना?" एवढंच म्हणत होते. "पायलं ना तुमी? आता माह्या गावात जाऊ."

सरांचं गाव दर्यापूरच्या रस्त्यावरून आत होतं, खारपाणपट्ट्यात. इतक्या गावांत नाटक केलं, पण त्या एका गावात कधी झालं नव्हतं. दर दिवाळीच्या सुट्टीत ते आम्हाला तिथं न्यायचे. पार आणि विहार यांच्या बरोबर मध्ये शाळेचं पटांगण. सर ताडपत्री अंथरायचे. पाराकडून त्यांचे वर्गमित्र गजाननभाऊ यायचे. चौथीपर्यंत दोघं एका पाटीवर शिकलेले. विहाराकडून सरांचे मोठे भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणायचे. दोघं दोन कडांना उभे राहायचे. भांडण नव्हतंच. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. गजाननभाऊ म्हणायचे, आमाले काई नाई बाप्पा, पन ते येतीन का? दादा म्हणायचे, आमीच दरवेळी पहिले काहून बसाव? ते बसतीन तं पाहू. सर इकडून तिकडे, तिकडून इकडे जायचे. ताडपत्रीवर एखादं कुत्रं येऊन बसायचं. मग घडी करा.

बाकी कुठल्याही गावातून परत येताना सर बडबड करायचे. या गावाहून परत येताना नाही. गावात उभं राहून ते एकदा मला म्हणाले होते, "एक बार पाहू दे रे यायले. बुढ्यानं लिवलंच असं हाय का पायलं की माणूस बदलते. फक्त पायलं पाह्यजे." हे त्यांचं एकूण तत्त्वज्ञान. त्यासाठी त्यांनी लग्नही केलं नाही, असं मी पाहुण्यांना सांगतो. खरं कारण मला माहीत नाही.

मला माहीत नसलेल्या गोष्टी तशा बऱ्याच. एक सांगून टाकतो. सर कुणाच्या घरात येत नसत. मी बियाण्यांच्या दुकानात कामाला म्हणून अकोल्याला आल्यावर तालमीला न्यायला त्यांची स्कूटर दाराशी यायची, हॉर्न वाजायचा, मी धावत जायचो. त्याआधी अंजनगावलाही तेच; आई दारातून बघायची, सर कुंपणापाशी उभे. अशी बारा वर्षं. हा त्यांचा विक्षिप्तपणा म्हणून मी लोकांना रंगवून सांगायचो, माणूस बघा कसा, चहाला म्हणून कुणाच्या उंबऱ्यात पाय नाही ठेवणार. एकदा असाच एका पाहुण्याला सांगत होतो. बायको कपबशा उचलत होती. ती थांबली आणि म्हणाली, "तुम्ही कधी या म्हणालात का?"

मी खूप आठवून पाहिलं. पाहुण्यानंही माझ्याकडे बघत बराच वेळ वाट पाहिली. दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला, सर, रविवारी जेवायला या घरी. ते म्हणाले, तुहं घर दुसऱ्या माळ्यावर हाय ना? आता गुडघे चालत नाईत बाबू. आणि मग हवापाण्याचं बोलले.

असो. गावाचं सांगत होतो.

सरांची निवृत्ती जवळ आली. शकुंतला बंद पडली होती, लसूणवाल्याला नातू झाला होता, ताई आता चौदा वर्षांच्या पोरीचं पळणं चालत करायच्या. सगळ्यांना कळत होतं की हे फार चालणार नाही. त्या वर्षी दिवाळीच्या आधी मी एक उपद्व्याप केला. सरांना न सांगता त्यांच्या गावाला गेलो. गजाननभाऊंना म्हणालो, दादा आणि त्यांच्याकडचे सगळे यायला तयार आहेत, पावणेचारला येऊन बसतो म्हणाले. मग दादांकडे गेलो आणि म्हणालो, गजाननभाऊ आणि पाराकडचे पावणेचारला येऊन बसतात, पक्कं. दोघंही म्हणाले, मंग आमी काई मागं राहणार हाव का? आयुष्यात मी एकट्यानं केलेला तेवढा एकच अभिनय, आणि तो साफ खोटा.

पावणेचारला दोन्हीकडून लोक आले. एकाच वेळी. आम्ही मागे चेहरे रंगवत होतो. गलका ऐकून सर बाहेर धावले आणि तसेच उभे राहिले. पाराकडचे पाराच्या कडेनं बसत गेले, विहाराकडचे विहाराच्या कडेनं. म्हातारे, बाया, पोरं, सगळं गाव. ताडपत्री भरली. मध्ये मात्र एक पट्टी रिकामी राहिली, बैलगाडी आरामात जाईल एवढी. कुणी आखली नव्हती. दोन्ही बाजूचे लोक सरकत सरकत आले आणि जिथं थांबायचं तिथं थांबले.

सरांनी त्या पट्टीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता घडी करा म्हणतील. ते म्हणाले, "चला. बसले तं हायत."

त्या दिवशी नाटक जसं झालं तसं कधी झालं नाही. ताई खरोखर पळाल्या. मी हात न टेकवता पडलो. एक गाल जमिनीला, डोळा बारीक उघडा, समोर सरळ ती रिकामी पट्टी. पुढचा दीड तास मी तीच बघत होतो. एक शेळी तिच्यातून दमानं चालत गेली. एक रांगतं पोर इकडून तिकडे निघालं, त्याला मागून एका हातानं ओढून घेतलं. ताईंनी विष घेतलं तेव्हा दोन्हीकडच्या बाया रडल्या, सारख्याच, पदराचं तेच टोक धरून. गजाननभाऊंनी चष्मा काढून पुसला. दादांनी तर तोंड गुडघ्यांत घातलं. मग दोन्ही बाप आले, टेम्पोवाल्याचा बूट माझ्या बोटांवर, आणि त्यांनी माझ्या नाकाच्या बरोबर वर हात मिळवले. मास्तरांचं शेवटचं बोलणं सर बोलले.

सरपंचांनी माइक घेतला. आम्ही तिघं मेलेलो तसेच, आणि आमच्यावरून वाकून त्यांनी सरांना शाल-नारळ दिलं. गावच्या सुपुत्राचा अभिमान वगैरे. दोन्हीकडून चहा आला, दोन वेगळ्या किटल्यांतून. सरांनी दोन्ही कप घेतले. लोक डोळे पुसत उठले, फार मस्त झालं म्हणाले, आणि पाराकडचे पाराच्या रस्त्यानं, विहाराकडचे विहाराच्या रस्त्यानं गेले. मधल्या पट्टीवर एकाही माणसाच्या पावलाची धूळ नव्हती.

टेम्पो दर्यापूरच्या रस्त्याला लागला. मग सर म्हणाले, "रडले ना बे?"

"रडले सर."

"दोन्हीकडचे?"

"दोन्हीकडचे."

"माहा दादा रडला. गज्या रडला. मी पायलं."

मी अशा वेळी माणूस जे बोलतो ते बोललो, की सर, एका नाटकानं लगेच काय होते, हळूहळू होईल, बसले तरी ना एकत्र. त्यांनी ते ऐकलंच नाही.

"इतके वर्सं मले वाटे, आपलं नाटक चांगलं नाई होत म्हनून काई होत नाई," ते म्हणाले. "आज तं चांगलं झालं."

पुढच्या रविवारी तालमीला आलो तर सर दोरा सोडून पुरवण्या पसरून बसलेले. शेवटची चार पानं बाजूला काढलेली.

"बुढ्यानं खोटं लिवलं," ते म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सरांच्या तोंडून बुढ्याविरुद्ध शब्द आम्ही कधी ऐकला नव्हता. ते म्हणाले, दोन बाप असे हात मिळवत नाईत. कुठी पायलं कोनी? नवा शेवट त्यांनी दोन ओळींत सांगितला. वरच्या घरचा बाप वरच्या बाजूनं येईल, खालच्या घरचा खालच्या बाजूनं. आपापलं लेकरू उचलतील आणि आल्या रस्त्यानं जातील. कुणी बोलणार नाही. मास्तरही नाही, त्याचं शेवटचं बोलणं रद्द.

ताई म्हणाल्या, "सर, लोकायले घरी न्यायले काई तं द्या ना."

"ज्याचं लेकरू त्यानं न्याव," सर म्हणाले.

टेम्पोवाल्यानं ताईंना उचलायची तालीम सहा रविवार केली. पाठीला पट्टा बांधून केली. आधी आम्ही हसलो, मग हसणं बंद झालं. माझा प्रश्न वेगळाच होता. मी नायकाचा दोस्त, म्हणजे ना वरच्या घरचा ना खालच्या. मी विचारलं, सर, मला कोण नेणार? सरांनी पुरवणी चाळली आणि म्हणाले, "तुले कोनी नाई." मी म्हटलं ठीक आहे, मला सवय आहे. पण मनातून ते बरं वाटलं नाही.

पुढच्या दिवाळीत सरांच्या गावाहून स्वतः सरपंचांचा फोन आला. गेल्या वर्षीचं फार गाजलं, या साली पुन्हा आणा. ज्या गावानं इतकी वर्षं बसायला नकार दिला, ते गाव बोलावत होतं. सर निवृत्त झाले होते तरी शिट्टी घालून आले. ताडपत्री त्यांनी या वेळी आम्हाला अंथरू दिली. लोक चारच्या आधीच येऊन बसले, कुणाला काही सांगावं लागलं नाही. ज्याची जागा जिथं होती तिथं तो बसला. मधली पट्टी मागच्या वर्षी होती तेवढीच.

शेवट आला. टेम्पोवाला पाराच्या बाजूनं आला. त्यानं ताईंना उचललं, एकदा तोल गेला, सावरला, आणि तो निघून गेला. दुसरा बाप विहाराच्या बाजूनं आला, लसूणवाल्याला खांद्यावर टाकून गेला. मास्तर उभे होते आणि मी पडलो होतो. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोड्या वेळानं लोक उठले आणि शांतपणे जाऊ लागले, दोन रस्त्यांनी, जणू नाटकातच होतं तसं.

गजाननभाऊ मात्र थांबले. ताडपत्रीच्या त्यांच्या कडेनं पुढं आले. दुसऱ्या कडेनं दादा आले. माझ्या डोक्याच्या एका बाजूला एकाच्या चपला, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याच्या.

"मास्तर," गजाननभाऊ सरांना म्हणाले, "आता बराबर जमलं. मांगच्या टायमाले तो शेवट काई पटला नवता आमाले. ते हात मिळवनं."

"मलेही नवता पटला," दादा म्हणाले. "मी म्हटलं नाई तेव्हा, तुले वाईट वाटन म्हनून. आता खरं वाटते."

गजाननभाऊंनी दादांकडे पाहिलं. "तुमालेही तसंच वाटलं ना, दादा?"

"तं काय. अगदी तसंच."

दोघांनी माना डोलावल्या. इतक्या वर्षांत ते दोघं एकमेकांशी बोलताना मी ऐकलेलं हे पहिलं बोलणं. मग ते गेले.

मूर्तिजापूरला टेम्पोतून उतरताना मी सरांना विचारलं, पुढच्या रविवारी तालीम किती वाजता. माझं आपलं नेहमीचं. ते गळ्यातल्या शिट्टीची दोरी सोडवत होते.

"कायची तालीम?" ते म्हणाले. "एकमत झालं ना बे गावाचं."